नाचावर नाव कुणाचं?

जून १८९२मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात लोई फुलर नावाची तीस वर्षांची नर्तकी खटला हरली. तिचं म्हणणं साधं होतं. ‘सर्पनृत्य’ नावाचा नाच मी बसवला, त्याचं टप्प्याटप्प्याचं वर्णन लिहून कॉपीराइटसाठी नोंदवलं, आणि आता मिनी बेमिस नावाची दुसरी नर्तकी माझ्या परवानगीशिवाय तोच नाच करते आहे. तिला थांबवा. न्यायाधीश लॅकोम यांनी ते वर्णन वाचलं आणि मनाई करायला नकार दिला. कायदा ‘नाट्यकृती’ला संरक्षण देतो, आणि नाट्यकृती म्हटली की तिने काही गोष्ट सांगायला हवी, एखादं पात्र किंवा भावना उभी करायला हवी. इथे तसं काहीच नाही. एक देखणी बाई मोठ्या नजाकतीने हालचालींचं काव्य दाखवते आहे, यापलीकडे प्रेक्षकाच्या मनात कुठलीही कल्पना येत नाही. असा तो निकाल.

मी कथक शिकले आणि आता शिकवते. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा ‘देखणी बाई’ या दोन शब्दांवर मी अडखळले, ती अजून अडखळतेच. न्यायाधीशांना बाई दिसली. तिने केलेलं काम दिसलं नाही.

ते काम काय होतं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल. फुलर १८६२मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जन्मली. नृत्याचं रीतसर शिक्षण तिला नव्हतं. लहानपणापासून नाटक कंपन्यांमध्ये मिळेल ते काम करत ती मोठी झाली. १८९१मध्ये एका नाटकात तिच्या वाट्याला संमोहित झालेल्या बाईची भूमिका आली. अंगावर पातळ रेशमाचा पायघोळ झगा, तो पायात येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरलेला, आणि वरून हिरवट उजेड. ती इकडून तिकडे धावली तेव्हा प्रेक्षकांतून कुणी ‘फुलपाखरू!’ म्हणालं, कुणी ‘ऑर्किड!’ म्हणालं, असं तिने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. दुसरी कुणी असती तर टाळ्या घेऊन घरी गेली असती. ही आरशापुढे उभी राहिली आणि कापडाची कुठली लाट शरीराच्या कुठल्या वळणातून उठते ते एकेक करून शोधत राहिली.

पुढच्या काही वर्षांत तिने झग्याच्या घेरात लांब काठ्या शिवल्या. त्यामुळे तिचे हात हाताच्या कितीतरी पुढे पोहोचले आणि डोक्याच्या वर रेशमाचे भोवरे उठू लागले. तिने रंगमंचाच्या जमिनीत काच बसवून खालून प्रकाश सोडला, आजूबाजूला आरसे उभे केले, दिव्यांसमोर फिरणाऱ्या रंगीत काचा ठेवल्या, आणि त्या काचांचे रंग स्वतः तयार केले. दिवे सांभाळणारी माणसंच डझनावारी असत. कुठल्या क्षणी कुठल्या कोनातून कुठला रंग पडायचा हे नाचाइतकंच पक्कं बसवलेलं असे. पुढे पॅरिसमध्ये तिने रेडियमचं तेज कापडावर आणता येईल का, हे थेट क्युरी दांपत्याला विचारलं आणि त्यांच्याशी मैत्री जोडली. प्रयोग करताना स्फोट होऊन तिच्या पापण्या जळाल्या. आज रंगमंचावर नर्तकीच्या हालचालीबरोबर उजेड बदलतो ते आपल्याला स्वाभाविक वाटतं. त्या सवयीच्या मुळाशी ही बाई आहे.

खटला हरल्यावर काही महिन्यांतच ती पॅरिसला गेली. तिथल्या फोली बर्जेर या प्रसिद्ध नाट्यगृहाच्या दारात पोचली, तर भिंतीवर सर्पनृत्याची जाहिरात आधीच लागलेली, मेबल स्टुअर्ट नावाच्या दुसऱ्या नर्तकीची. फुलरने व्यवस्थापकाला आपला नाच करून दाखवला आणि काम मिळवलं. पण जाहिरात झालेली होती, म्हणून पहिले दोन प्रयोग तिला त्या दुसरीच्या नावाने करावे लागले. स्वतःचा नाच, स्वतःच्या शरीराने, पण नाव नक्कल करणारीचं. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. नोव्हेंबर १८९२मध्ये ती स्वतःच्या नावाने उभी राहिली आणि थोड्याच दिवसांत सगळं पॅरिस तिच्यामागे होतं. चित्रकार तुलूझ-लोत्रेकने तिची चित्रं छापली, कवी मालार्मेने तिच्यावर लिहिलं, आणि १९००च्या जागतिक प्रदर्शनात तिचं स्वतःचं नाट्यगृह उभं राहिलं.

एवढं होऊनही नाव निसटायचं ते निसटलंच. एडिसन आणि ल्युमिएर यांच्या कंपन्यांनी त्या काळात सर्पनृत्याच्या छोट्या फिल्म काढल्या, त्यातल्या काही तर हाताने रंगवलेल्या. त्या आज इंटरनेटवर ‘लोई फुलर’ म्हणून फिरतात. त्यांत नाचणाऱ्या बाया वेगळ्याच आहेत. खुद्द फुलर सर्पनृत्य करताना दिसते अशी खात्रीलायक फिल्म हाती नाही. म्हणजे तिचा नाच इतरांच्या नावावर गेला, आणि आता त्या इतर जणी तिच्या नावाखाली पुसल्या गेल्या. नाव न लिहिण्याची सवय एकदा लागली की ती सगळ्यांनाच गिळते.

आता पेटंटचा मुद्दा. नाचाला संरक्षण मिळेना, तेव्हा फुलरने आपली साधनं नोंदवली. १८९४मध्ये नर्तकीच्या त्या काठ्या शिवलेल्या पोशाखाचं अमेरिकन पेटंट तिला मिळालं. आरशांच्या मांडणीचंही मिळालं. काठी, शिलाई, आरसा यांचा शोध लावणारी म्हणून कायद्याने तिला ओळखलं. तीच काठी हातात धरून ती जे करत होती, ज्याच्यासाठी काठी बनवली, त्याची मात्र ती कुणीच नव्हती.

इथे माझं पहिलं म्हणणं. गोष्ट सांगितली तरच ती रचना, हा निकष मुळातच चुकीचा आहे, आणि हे मराठी माणसाला पटवायला फार कष्ट पडू नयेत. यमनच्या आलापीला कुणी ‘यात गोष्ट काय?’ असं विचारत नाही. कथकच्या मैफिलीत गोष्ट सांगणारे गतभाव आणि ठुमरी यायच्या आधी तासभर तोडे, तुकडे, परण, तिहाया होतात. त्यांत ना राधा ना कृष्ण, फक्त लय आणि तिच्याशी बुद्धीने खेळलेला खेळ. न्यायाधीश लॅकोम यांची कसोटी लावली तर ठुमरी कलाकृती ठरेल आणि तराणा म्हणजे देखण्या बाईचं गिरक्या घेणं. शरीराने केलेला विचार हा विचारच असतो. तो शब्दांत सांगता येत नाही म्हणून तो कमी पडत नाही.

अमेरिकेला हे मान्य करायला फार काळ लागला. १९५२मध्ये नृत्यरचनाकार हान्या होम यांनी एका ब्रॉडवे संगीतिकेसाठी बसवलेली नृत्यं लाबान लिपीत, म्हणजे हालचाली टिपण्याच्या चिन्हलिपीत, लिहून काढली आणि त्यांची नोंदणी झाली. नृत्यरचना हा शब्द स्वतंत्रपणे तिथल्या कायद्यात आला तो १९७६च्या कायद्याने, अंमल १९७८पासून. फुलरला वारून तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

आणि तरीही, फुलरला मालकी मिळायलाच हवी होती असं मी सरळ म्हणू शकत नाही. तिच्या आधी लंडनच्या रंगभूमीवर घेरदार घागऱ्यांचे नाच लोकप्रिय होते आणि तीही तिथे काम करून आलेली होती. आपल्या रेशमी वस्त्राचा संबंध तर ती स्वतःच भारताशी जोडते. १८८१मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाट्यनिर्मात्याने भारतातून नाचणाऱ्या बाया आणल्या होत्या. पुढे १९०६मध्ये अमेरिकन नर्तकी रूथ सेंट डेनिस यांनी ‘राधा’ नावाची रचना केली आणि आधुनिक नृत्याच्या इतिहासात त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लागलं. त्याआधी दोन वर्षं त्यांनी न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या जत्रेत भारतीय कलाकारांचे खेळ पाहिले होते. सेंट डेनिस यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. जत्रेत नाचलेल्यांची नावं सांगा म्हटलं तर कुणाला सांगता येणार नाहीत. त्यांनी कुठल्या न्यायालयात जायचं होतं?

म्हणूनच मी मालकीच्या आधी नाव मागते. मालकीच्या भांडणात ज्याच्याकडे वकील, कागद आणि पैसा तो जिंकतो. नाव घेणं ही त्याआधीची आणि त्याहून मोठी गोष्ट आहे. ती फुलरच्या बाबतीत बेमिस आणि स्टुअर्ट यांना लागू होते, तशी फुलरने ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या बाबतीत फुलरलाही लागू होते.

आपल्याकडे नाव घेण्याची एक जुनी रीत आहेच. कथकमध्ये एखादी जुनी परण किंवा तोडा करण्याआधी नर्तक माइकजवळ येतो, कानाच्या पाळीला हात लावतो आणि म्हणतो, ही अमुक महाराजजींची रचना. मगच पढंत करतो, म्हणजे बोल तोंडाने म्हणून दाखवतो. पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७मध्ये नृत्यभारती सुरू केली आणि आयुष्यभर नव्या रचना केल्या. त्यांच्या शिष्यांच्या शिष्या आजही एखादी रचना मांडताना ‘रोहिणीताईंची’ असं आवर्जून म्हणतात. त्यासाठी कुणाला नोटीस धाडावी लागली नाही. घराण्याच्या शिस्तीने ते झालं.

पण ही शिस्त सगळ्यांच्या वाट्याला आली नाही, आणि ते बोलताना महाराष्ट्राने मान खाली घालायला हवी. लावणी घ्या. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा असते. होनाजी बाळा, राम जोशी, पठ्ठे बापूराव ही नावं त्यामुळे टिकली. शब्दांच्या आतच शिवलेली होती. त्या शब्दांना ज्या बायकांनी अंग दिलं, एका ओळीवर दहा वेगवेगळ्या अदा काढल्या, बसल्या जागी नुसत्या भुवईने आणि बोटांनी अर्थ फिरवला, त्यांची नाममुद्रा कुठे आहे? बापूरावांच्या फडात पवळा नाचत होती. बापूरावांच्या लावण्या पुस्तकांत आहेत, अभ्यासक्रमात आहेत. पवळाच्या अदा पवळाबरोबर गेल्या. बैठकीच्या लावणीत एखादी अदा एका बाईने शोधली, दुसरीने उचलली, तिसरीने सिनेमात पाहून शिकवली, आणि आज ती ‘पारंपरिक’ म्हणून स्पर्धांमध्ये बक्षिसं घेते. पारंपरिक या शब्दाचा मला राग नाही. पण पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की जिने केलं तिला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आणि ती कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग अशा जातींतली असली, तर विचारायचं कशाला हा प्रश्नसुद्धा कुणाला पडला नाही.

सिनेमाचंही फार वेगळं नाही. फिल्मफेअर पुरस्कार १९५४पासून आहेत. गीतकार, संगीतकार, गायक यांना त्यांत जागा मिळत गेली. नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार १९८९मध्ये सुरू झाला, ‘एक दो तीन’ने देश वेडा केल्यावर, आणि तो पहिला पुरस्कार सरोज खान यांना मिळाला. त्याआधीच्या पस्तीस वर्षांत आपण जी गाणी डोळे भरून पाहिली, त्यांतल्या पाचांचे नृत्यदिग्दर्शक आठवून पाहा. गीतकार आठवतील.

माझा स्वतःचा अनुभव छोटा आहे, पण तो सांगितल्याशिवाय मी एवढ्या तळमळीने का बोलते ते कळणार नाही. काही वर्षांपूर्वी मी आठ मुलींसाठी पावसावर एक समूहरचना बसवली. झपतालात होती. शेवटी सगळ्याजणी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, न येता एकेक मात्रेने मागे राहून येत, जसे पागोळीचे थेंब एकामागोमाग पडतात तशा. त्या एका जागेवर मी दोन महिने घालवले होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी प्रेक्षक म्हणून बसले होते आणि तीच रचना समोर उभी राहिली. पागोळीसकट. कुणीतरी व्हिडिओवरून बसवली होती. मुली छान नाचल्या, मनापासून नाचल्या, आणि त्यांच्या शिक्षकांचं नाव नृत्यरचनाकार म्हणून पुकारलं गेलं. मला बक्षीस नको होतं. मुलींना थांबवावंसंही वाटलं नाही. ती जागा आपल्याशिवाय जगते आहे याचा आनंदही झाला. पण घरी येताना बसमध्ये मी रडले. कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, की हे आम्ही अमक्यांचं पाहून केलं.

यावर नेहमी येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. नाचाला अशी नावं आणि हक्क चिकटवले तर उद्या फुगडी घालायलाही परवानगी लागेल, कलेचा प्रवाह आटेल. आक्षेप खोटा नाही. पण तो अक्षर आणि कविता यांतला फरक विसरतो. तत्कार, चक्कर, फुगडी, पिंगा, लावणीतली मुरड ही नाचाची अक्षरं आहेत, ती सगळ्यांची, आणि सगळ्यांचीच राहिली पाहिजेत. त्यांच्यातून कुणी विशिष्ट क्रमाने, विशिष्ट लयीत, विशिष्ट माणसांसाठी जे बांधलं ती कविता. हा फरक करणं अवघड असतं, पण अशक्य नाही. व्हिडिओ गेममधल्या एका नाचाबद्दल काइल हानागामी या नृत्यरचनाकाराने अमेरिकेत खटला केला होता. उचललेला भाग जेमतेम काही मात्रांचा होता, म्हणून खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. २०२३मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं, की नाच म्हणजे सुट्या पवित्र्यांची गोळाबेरीज नव्हे, त्यांची निवड, क्रम, लय, वेग हे सगळं मिळून पाहायला हवं. लॅकोम यांच्या ‘देखणी बाई’पासून इथवर यायला एकशे एकतीस वर्षं लागली.

आपला कायदा या बाबतीत कागदावर तरी मागे नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येतच नृत्यरचना आहे. अट अशी की ती लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की नोंदलेली असावी. त्याच कायद्याचं ५७वं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मालकी विकली तरी ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क रचनाकाराकडे उरतो, असं ते म्हणतं. २०१२च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंतालाही स्वतःचं नाव सांगण्याचा हक्क दिला. कन्नड लेखक शिवराम कारंतांनी यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्यातून घडवलेल्या नव्या नृत्यनाट्यांचा वाद २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा यक्षगान ही परंपरा सगळ्यांची असली तरी तिच्यातून कारंतांनी रचलेलं ते कारंतांचं, हा भेद न्यायालयांनी मानला. लावणीवाल्यांनी आणि कथकवाल्यांनी हा निकाल वाचून ठेवावा.

आणखी एक खटला वाचून ठेवावा, तो अमेरिकन नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम यांच्या वारशाचा. १९९१मध्ये त्या गेल्यावर त्यांच्या नृत्यांवर हक्क कुणाचा यावरून त्यांचे वारस आणि त्यांनीच उभारलेली संस्था समोरासमोर आले. २००२च्या निकालात सत्तर रचनांपैकी पंचेचाळीस संस्थेच्या ठरल्या आणि वारसाच्या वाट्याला फक्त एक आली. ग्रॅहम संस्थेत पगारावर होत्या, आणि नोकरीत केलेलं काम मालकाचं, असा तो हिशेब होता. आपल्याकडे किती नृत्यशिक्षिका शाळांमध्ये, क्लासमध्ये, वाहिन्यांच्या कार्यक्रमांत महिन्याच्या मानधनावर रचना करतात! त्यांतल्या कितीजणींनी कागदावर काय सही केली आहे ते वाचलंय? संस्थेने पैसे दिले म्हणून रचना वापरावी. पण पत्रिकेवरून नाव काढण्याची मुभा त्या मानधनात येत नाही, हे लिहून घेतलं पाहिजे.

मला हवं आहे ते फार अवघड नाही. स्पर्धेच्या प्रवेशअर्जात ‘मूळ रचना कुणाची’ असा रकाना असावा आणि तो रिकामा ठेवता येऊ नये. वाहिनीवर गाण्याबरोबर गीतकाराचं नाव येतं तसं नाचाबरोबर रचनाकाराचं यावं. रील टाकणाऱ्या मुलीने कुणाच्या स्टेप्स ते खाली लिहावं. बहुतेक मुली सांगितलं तर आनंदाने लिहितात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. माझ्या क्लासमध्ये आता सात वर्षांची मुलगीसुद्धा तोडा करण्याआधी कानाला हात लावून नाव घेते, आणि नाव माहीत नसेल तर ‘रचनाकाराचं नाव आम्हांला ठाऊक नाही’ असं म्हणते.

लावणीचं काम मात्र थांबण्यासारखं नाही. लावणीच्या ज्येष्ठ कलावंत यमुनाबाई वाईकर २०१८मध्ये गेल्या. त्यांच्याबरोबरीच्या आणि त्यांच्यानंतरच्या ज्या जुन्या कलावतिणी अजून आहेत, त्यांच्या अदा त्यांच्या नावानिशी नोंदवायला हव्यात. ‘पक्की नोंद’ ही कायद्याची अट त्याने पुरी होईल, पण खरं कारण ते नाही. फुलरकडे निदान लिहिता येणारा हात होता, वकील होता, पॅरिस होतं. या बायकांकडे फक्त शरीर आहे आणि ते थकत चाललंय. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी यांनी मनावर घेतलं तर हे होण्यासारखं आहे. एक कॅमेरा, एक वही, आणि त्या बाईंच्या समोर बसून ‘मावशी, ही अदा तुम्ही कुणाकडून घेतलीत, आणि यातली तुमची स्वतःची कुठली?’ असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबणारं माणूस, एवढंच त्याला लागतं.